साठाला एक कमी

शाळेच्या गेटासमोर, वह्यांच्या दुकानाला खेटून, दहा बाय बाराची एक खोली आहे. तिथे फक्त शाळेचे गणवेश शिवतात. शिवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. शिंप्याला मास्तर म्हणायची रीतच आहे, पण समोर शाळा असल्यामुळे घोटाळा होतो. एखादी नवीन बाई येते आणि काकुळतीला येऊन सांगते, "मास्तर, पोरगा गणितात फार कच्चा आहे हो." मास्तर गळ्यातली टेप काढत म्हणतात, "चड्डी पक्की करून देतो. गणिताचे मास्तर समोर बसतात."

या मास्तरांना एकच मुलगी. अंगाने काडी, आणि लहानपणापासून ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून तिचं नाव टाचणी पडलं. खरं नाव दाखल्यावर आहे, ते तिथेच राहू दे. मास्तर माप घेऊन आकडा ओरडायचे आणि ती वहीत लिहायची. छाती, कंबर, बाही, उंची. मागच्या पडद्याआड आई काजं करत, बटणं लावत बसायची. तिचं बोलणं थोडं असायचं, पण असायचं ते सुईचं.

टाचणी अभ्यासात मध्यम होती. ढ पोराची एक सोय असते, त्याच्याकडे कुणी काही मागत नाही. हुशाराला तर मागायच्या आधीच मिळतं. मरण असतं ते मधल्यांचं. टाचणी वेळेवर बसायची, मन लावून वाचायची, आणि पेपर हातात पडला की वाचलेलं निम्मंच आठवायचं. उरलेलं निम्मं घरी परतताना वाटेत आठवायचं. तिच्यात कुठे हिराबिरा दडलेला नव्हता. गात नव्हती, चित्रं काढत नव्हती, धावण्यात तिसरीसुद्धा यायची नाही.

पण ती पाळण्यात असतानाच आत्याने सांगून टाकलं होतं, ही घराण्यातली पहिली डॉक्टर. घराणं म्हणजे तरी केवढं? एक मशीन आणि दोन कात्र्या. तरी एकदा बोललेला शब्द कपड्यावरच्या शाईच्या डागासारखा बसला. टाचणीला खोकला झाला तरी शेजारी म्हणायचे, "स्वतःच औषध घे गं, डॉक्टरीणबाई."

दहावीचा निकाल लागला, त्या दिवशी दुकानात गणवेशांचा ढीग पडला होता. फोन वाजला. मास्तरांनी तो खांद्याने कानाशी दाबला. हातात विजारीची लांब शिलाई होती, मधे सोडली तर वाकडी जाते, म्हणून पाय चालूच राहिला.

"दादा, किती पडले?" आत्या पलीकडून ओरडली.

"एकोणसाठ."

"एकोणऐंशी! अगंबाई! अहो ऐकलंत का, एकोणऐंशी!"

आपल्या भाषेत या आकड्यांचं असंच आहे. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळ्यांचं तोंड सारखं, शेपूट ऐकू आलं तरच जनावर कळतं. आत्याला तोंड ऐकू आलं. शेपूट मशीनच्या खडखडाटात गेलं. ते तिने आपल्या मनाने जोडून घेतलं.

मास्तरांचा पाय थांबला. त्यांनी तोंड उघडलंही. पण तोवर आत्या फोन बाजूला ठेवून सगळ्या घराला सांगत सुटली होती. परत येऊन म्हणाली, "दादा, आज माझी मान वर झाली बघ."

मास्तर म्हणाले, "हं."

एवढंच म्हणाले. एका अक्षरात माणूस किती बुडू शकतो, ते त्यांना पुढच्या आठ दिवसांत कळलं.

दुसऱ्या दिवशी वह्यांचा दुकानदार हात मिळवायला आला. तिसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई म्हणाला, "मास्तर, आता सुया टोचायला पोरगी तयार झाली म्हणायची!" मास्तर प्रत्येकाला हसून दाखवत होते आणि मान खाली घालून कापड कापत होते. पडद्याआडून आई म्हणाली, "वीस टक्के मशीनने दिले. पोरीला दहा वर्षांत जमलं नाही ते."

टाचणीने त्या आठवड्यात घरात काही बोलणं टाळलं. गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि ती एकटीच दारं बघायला निघाली.

पहिलं दार मोठ्या कॉलेजचं. तिथूनच पुढे डॉक्टरकीची वाट निघते. फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिलं होतं, पंच्याहत्तरच्या खाली अर्ज घेतला जाणार नाही. ती फळ्यापुढे जरा उभी राहिली. तिथल्या पोरी एकमेकींना "तुला किती, तुला किती" विचारत होत्या. आपल्याला कुणी विचारायच्या आत ती वळली.

दुसरं दार दुपारच्या कॉलेजचं. बस डेपोच्या मागे, खाली टायरची दुकानं, वर वर्ग. तिथे पन्नासला घेतात. कारकून पंख्याखाली जांभई देत होता. म्हणाला, "ये की. पटावर नव्वद आहेत, वर्गात तीस असतात. जागेला तोटा नाही." वर्गाच्या मागच्या बाकांवर धूळ इतकी, की कुणीतरी बोटाने त्यात बदाम काढला होता.

तिसऱ्या दारात ती चुकून गेली. दुपारच्या कॉलेजवरून परतताना बस चुकली, म्हणून एका कुंपणाशी सावलीला थांबली. आतल्या मैदानात दहाबारा पोरं-पोरी तीन पायांच्या यंत्राला डोळा लावून वाकल्या होत्या. लांब एक मुलगी रंगवलेली उंच पट्टी धरून उभी. एक जण आकडा ओरडायचा, दुसरी वहीत लिहायची. टाचणी बघत राहिली. पुढची बस आली आणि गेली, तिच्यामागची दुसरीही.

जमीन मोजणीची ती संस्था होती. दोन वर्षांचा कोर्स. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "टक्के?"

"एकोणसाठ."

"साठ लागतात."

"माहीत आहे. बोर्डावर वाचलं."

"मग?"

"मग विचारायला आले."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पहिल्या यादीत साठाखाली कुणी नाही. दुसरी यादी कधी खाली येते, कधी येत नाही. पण अर्जातल्या पसंतीत हे नाव पहिलं हवं, खाली पालकांची सही हवी. सोमवारी दुपारी बारापर्यंत. पुन्हा परीक्षेला बसणार असशील तर मात्र इथे नाव घेत नाही. दोन होड्यांवर पाय चालत नाहीत."

घरी आल्यावर तिने मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तरांचंही एक ठरलेलं होतं.

"पुन्हा बस परीक्षेला," ते म्हणाले. "वर्षाचं काय घेऊन बसलीस? आत्ता आत्याला काही बोलायचं नाही. पुढच्या वर्षी तेवढे पाडलेस की खोटं आपोआप खरं होईल."

"आणि नाही पडले तर?"

"पडतील."

"बाबा, दहा वर्षांत माझे साठाच्या वर कधी गेलेत का?"

मास्तर खडूने कापडावर रेघ ओढत होते. ओढलेलीच पुन्हा ओढली. "मला तरी कुठे बोलायचं होतं? तिचा आनंद बघून जीभ उचलली नाही. म्हटलं, असू दे. वाढत्या अंगाचं पोर आहे, जरा माया ठेवली तर काय बिघडलं?"

शिंप्याच्या धंद्यात माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. पोर वाढलं की उसवायचं आणि सैल करून द्यायचं. मास्तरांच्या गणवेशात बोटभर माया असायची, म्हणून तर अर्धी शाळा त्यांच्याकडे यायची.

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढून पेटीत टाकल्या. "माया कापताना सोडायची. वहीत माप खरं लिहायचं. वहीत वाढवून लिहिलंस तर पोर कपड्यात बुडेल, हे कुणी शिकवलं मला?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला.

"तुम्ही मापच वाढवून लिहिलंत, बाबा. आता मी त्यात वर्षभर कशी वावरू?"

पडद्याआड आईने दाताने दोरा तोडल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने टाचणीच म्हणाली, जरा खालच्या आवाजात, "पन्नास आणि नऊ असं म्हटलं तर तेवढं वाईट वाटत नाही."

"कसंही म्हण," मास्तर म्हणाले, "कापड तेवढंच."

रविवारी आत्या आली. दारातूनच "कुठे आहे माझी डॉक्टर?" करत आली. बरोबर फाइल होती. मोठ्या कॉलेजात तिच्या ओळखीचे एक सर होते, त्यांच्याशी बोलणं झालं होतं, उद्या सकाळी दहाला भेटायचं ठरलं होतं. खोलीत एकच खुर्ची, ती आत्याला दिली. मास्तर चहा यायच्या आतच मशीनवर जाऊन बसले आणि रविवार असूनही दोरा ओवायला लागले. तो ओवला जाईना.

टाचणीने आदल्या दिवशी तीनचार वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही. पेपरातही तिचं असंच व्हायचं. तिने सरळ गुणपत्रिका काढून आत्याच्या मांडीवर ठेवली.

आत्याने कागद लांब धरला, जवळ धरला. "हे काय? पाचावर नऊ?"

"एकोणसाठ, आत्या."

"मला तर एकोणऐंशी..."

"मशीन चालू होतं."

आत्या भावाकडे वळली. "आणि दादा, आठ दिवस काय मशीनच चालवत होतास?"

मास्तरांचा दोरा सुईच्या नाकापासून पुन्हा हुकला. "माझं चुकलं," ते म्हणाले.

आत्या रागावेल, आरडाओरडा करेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. तिने गुणपत्रिकेची घडी घातली. मग म्हणाली, "बावीस वर्षं ऐकतेय मी त्या घरात. तुमच्याकडे काय, सगळे पायाने मशीन हाकणारे, डोक्याने कोण कमावतंय? त्या दिवशी पहिल्यांदा सासूबाई गप्प झाल्या. जेवताना दोनदा वाढलं मला. आता कुठल्या तोंडाने सांगू, की माझ्या कानात बिघाड होता?"

ते वीस टक्के आपल्यासाठी नव्हतेच, हे टाचणीला आत्ता कळलं. ते आत्याच्या ताटात वाढले गेले होते, आणि आज आपण ते काढून घेतोय. वाईट वाटलं. पण परत द्यायचे तर स्वतःचं वर्ष द्यावं लागणार होतं, आणि तेही पुरलं असतंच असं नाही.

"मी नाही परीक्षेला बसणार, आत्या," ती म्हणाली. "तुला खोटं पडावं लागेल, हे कळतंय मला. पण नाही बसणार."

"मग काय करणार?"

"जमीन मोजणीला अर्ज करते. नाही मिळालं तर दुपारचं कॉलेज."

"उन्हातान्हात फिरणार? काठी घेऊन?"

"यंत्र असतं."

"आवडतं तुला ते?"

टाचणीने प्रामाणिकपणे विचार केला. "आवडतं की नाही माहीत नाही. दोन बस गेल्या तरी कंटाळा आला नाही, एवढं खरं."

आत्याने चहा घेतला नाही. फाइल उचलली आणि निघाली. आईने दारापर्यंत सोडलं, तर तिच्याशीही बोलली नाही. आई आत येऊन म्हणाली, "ओरडली असती तर बरं झालं असतं." मग मास्तरांच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवून दिला आणि म्हणाली, "उद्या दुकान दुपारनंतर उघडा."

सोमवारी दोघं बापलेक खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले. गणवेशाच्या ऐन हंगामात मास्तरांनी दुकान बंद ठेवल्याची ती पहिलीच वेळ. पहिल्या पसंतीत जमीन मोजणी लिहिली, दुसरीत दुपारचं कॉलेज. तिसरी ओळ रिकामी होती. मास्तर तिच्याकडे बघत राहिले, तशी टाचणीने त्यावर रेघ मारली. मग त्यांनी सही केली. शिंप्याची सही, शेवटच्या अक्षराला गाठ मारलेली.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. त्या पंधरा दिवसांत आईने दुपारच्या कॉलेजची फी कधी भरायची ते विचारून ठेवलं होतं. दुसरी यादी अठ्ठावन्नवर थांबली. टाचणी शेवटून तिसरी होती.

कोर्स सोपा निघाला नाही. पहिल्याच चाचणीत आकडेमोडीत तिला पन्नासपैकी एकवीस पडले. यंत्र समतल करायला इतर पाच मिनिटं घेत, ती पंधरा घ्यायची. ऊन लागून नाकावरची साल निघाली. पण माप घेताना ती दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय आकडा लिहायची नाही, म्हणून गटातली पोरं वही तिच्याकडे द्यायला लागली.

आत्याचा फोन तीन महिने आला नाही. चौथ्या महिन्यात, एका भर दुपारी आला. मास्तरांनी मशीन बंद केलं आणि फोन टाचणीकडे दिला.

"सांगितलं मी घरात," आत्या म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "म्हटलं, किती दिवस पोटात ठेवायचं? माझ्या पोटाला झेपत नाही."

"मग? सासूबाई काय म्हणाल्या?"

"दोन दिवस बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, आमच्या धाकट्याला पंचावन्नच होते, आम्हीही कुठे बोललो." आत्या खुसकन हसली. मग गंभीर झाली. "मी रुसले होते हां तुझ्यावर. अजून थोडी आहे."

"असू दे."

"बरं, मला एक सांग. ते तुझं यंत्र कुंपणाचंही माप घेतं का? दिराने भिंत आमच्या बाजूला हातभर सरकवली आहे. हे म्हणतात सरकवली, दीर म्हणतो होती तिथेच आहे."

"घेतं. पण आत्या, भिंत आहे तिथेच निघाली तर?"

पलीकडे आत्याने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"आधी ये तर खरी," ती म्हणाली. "माप निघेल ते निघेल."