रूपलीबाईचा पाट

तळोद्याच्या वरच्या डोंगरात रूपलीबाई एकटीनं उताराचं वावर कसायची. नवरा लवकर गेला, तरी ती माहेरी परतली नाही.

एकोणीसशे वीस साली आषाढ बरा गेला आणि मग पावसानं पाठ फिरवली. पोटऱ्यात आलेली ज्वारी माना टाकू लागली. पाड्यातली माणसं मजुरीसाठी खाली सपाटीला जायला निघाली.

रूपलीबाईचं माहेर नर्मदेपलीकडचं. तिकडं झऱ्याचं पाणी डोंगराच्या कडेनं पाट खणून वावरात आणत. आपणही तसंच करू, असं तिनं पाड्याचा कारभारी दिलवरसिंग याला सांगितलं.

तो म्हणाला, "बाई, झरा त्या घळीत, वावरं या टेकाडावर. पाणी डोंगर चढत नाही."

"चढवायचं कुठं, दादा? वरच अडवू आणि हळूहळू उतरवत आणू."

त्यानं नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच कुदळ घेऊन गेली. आधी बाया आल्या, मग त्यांचे नवरे बांधलेली बोचकी सोडून आले. एकमेकांच्या कामाला बिनमजुरीनं जायची रीत तिथं जुनीच होती, तिला लाहा म्हणत. ज्याचं काम, त्यानं जेवण घालायचं. रूपलीबाईकडं दाणा नव्हता, तिनं मोहाची वाळवून ठेवलेली फुलं उकडून वाढली. कुणी नाव ठेवलं नाही.

मध्ये एक ओहळ आडवा आला आणि सगळं पाणी त्यात कोसळू लागलं. माणसं हात टेकून बसली. तेव्हा दिलवरसिंग कुऱ्हाड घेऊन आला. त्यानं वठलेल्या सावरीचं खोड पोखरलं आणि ओहळावर आडवं टाकलं. पाणी त्यातून पलीकडं गेलं.

पाटावरचं पहिलं वावर त्याचंच होतं. तो पाणी तिथंच वळवतो की काय, म्हणून सगळे थांबले. रूपलीबाई म्हणाली, "शेवटच्या वावरात पाणी पोचलं, तरच पाट सगळ्यांचा."

दिलवरसिंगनं वाकून आपल्या वावराचं तोंड स्वतःच्या हातानं चिखलानं बुजवलं. पाणी पुढं धावलं आणि बाया त्याच्यासोबत गात धावल्या.

ज्वारी भरघोस नाही, पण घरोघरी आली. त्या हिवाळ्यात पाड्यात एकही चूल विझली नाही.

पुढं आसपासच्या पाड्यांतून बोलावणी येऊ लागली. म्हातारपणी गुडघे गेले, तेव्हा माणसं तिला झोळीत घालून डोंगर दाखवायला नेत. ती झोळीतूनच काठी रोखून म्हणायची, "इथून खणा."