पोहता येते काय? – नाही

मे महिन्यात श्रीरामपूरचा उन्हाळा माणसाला माणसात राहू देत नाही, तेव्हा जर्मनीत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने आम्हा उभयतांना दीड महिन्यासाठी बोलावून घेतले. नातेवाइकांनी माझे अभिनंदन केले. जणू मी एखादा जुना दावा जिंकलो होतो. व्हिसाच्या अर्जात 'भेटीचे प्रयोजन' या रकान्यात मी 'मुलीचा आग्रह' असे सत्य लिहिले होते. एजंटाने ते परस्पर खोडून 'पर्यटन' केले. त्याबद्दल मी त्याला निघण्यापूर्वीच लेखी समज दिली. पस्तीस वर्षे दिवाणी न्यायालयात कागद हाताळलेल्या माणसाच्या नावावर कुणी खोटे प्रयोजन लिहावे, हे मला मान्य नव्हते आणि नाही.

त्या देशात उन्हाळ्यात घरी बसणे हा जवळजवळ गुन्हा समजतात. आमचे जावई सोमवार ते शुक्रवार अत्यंत समंजस गृहस्थ. शनिवार उजाडला की त्यांच्या अंगात येते. पहिल्याच शनिवारी त्यांनी आम्हाला तंबूत नेऊन झोपवले. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडणीची कुटुंबे कारखान्याच्या माळावर पाचटाच्या कोपीत सहा-सहा महिने काढतात. त्याला साहस म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. इथे मात्र गाद्या-गिरद्यांचे घर सोडून, रीतसर जागा आरक्षित करून जमिनीवर पडायचे, आणि सकाळी कंबर धरून उठताना 'काय छान झोप लागली' असे एकमेकांना खोटे सांगायचे. मी खरे सांगितले. कुणाला आवडले नाही.

पुढच्या शनिवारी डोंगर. डोंगरासाठी वेगळे बूट, दोन्ही हातांत दोन काठ्या, पाठीवर नळी जोडलेली पाण्याची पिशवी. वाटेवर पावला-पावलाला पिवळ्या पाट्या, बसायला बाक, आणि शिखरावर चक्क हॉटेल. आमच्या जिल्ह्यातल्या एका डोंगरी किल्ल्यावर मी शाळकरी वयात चपला हातात घेऊन गेलो होतो. तिथे वर गेल्यावर ऊन मिळत असे, दुसरे काही नाही.

"ज्या डोंगराच्या माथ्यावर केक मिळतो, त्याला डोंगर म्हणू नये," मी जावयांना म्हणालो.

"बरोबर आहे, बाबा. चॉकलेटचा घेणार की सफरचंदाचा?"

मी सफरचंदाचा घेतला. मत वेगळे, भूक वेगळी.

या सबंध धावपळीत माझी पत्नी तक्रार न करता चालत होती. तिने साऱ्या दौऱ्यात एकच गोष्ट मागितली. मुलीच्या घराजवळ एक हिरवट, वेगवान नदी आहे. पहिल्या आठवड्यात आम्ही पुलावर उभे असताना खालून एक रबरी होडी गेली. त्यातली माणसे ओरडत होती, भिजत होती आणि विनाकारण हसत होती. पत्नी कठडा धरून त्यांच्याकडे बघत राहिली, होडी वळणाआड गेली तरी.

"मला त्यात बसायचंय," ती म्हणाली.

पुणतांबा हे तिचे माहेर. गोदावरीला आमच्याकडे गंगा म्हणतात, आणि गंगेच्या काठी वाढलेल्या बाईला पाण्याचे प्रेम असणार हे मी समजू शकतो. परंतु काठी वाढणे वेगळे आणि सहासष्टाव्या वर्षी परमुलखातल्या नदीत हवेने फुगवलेल्या वस्तूवर बसणे वेगळे. मी वय सांगितले, गुडघा सांगितला, पाण्याचे तापमान सांगितले. तिचे उत्तर रोज तेच असे.

"मग घरी जाऊन काय बादलीत बसू? तिथं नळाला पाणी येतंय व्हय रोज?"

"बाबा, जाऊ द्या ना आईला. एवढं एकच तर मागतीये," मुलगी म्हणाली.

शेवटी मी अनुमती दिली. अट एवढीच, की कागदपत्रे मी तपासणार आणि चौघांचेही अर्ज मीच भरणार.

होड्यांचे कार्यालय म्हणजे नदीकाठची लाकडी खोली. टेबलामागे उन्हाने नाक सोललेली एक मुलगी. तिने आम्हाला सोळा कलमांचा छापील कागद दिला. त्यातले नववे कलम वाचून माझे रक्त तापले. इजा, हानी अथवा मृत्यू झाल्यास, आणि तो कंपनीच्या हलगर्जीपणाने झाला तरीही, कंपनी जबाबदार नाही! म्हणजे ज्याच्या हातून होडी उलटायची, त्यानेच आपल्याकडून आगाऊ माफी लिहून घ्यायची. आणि तिथल्या सुशिक्षित, स्वच्छ, सिग्नल पाळणाऱ्या प्रजेची तऱ्हा पाहा: माझ्या मागे उभी असलेली माणसे एक ओळही न वाचता, भिंतीला कागद टेकवून सह्या ठोकत होती. आमच्या तालुक्यातला अंगठाबहाद्दर पक्षकारसुद्धा 'साहेब, काय लिवलंय?' एवढे विचारल्याशिवाय शाईला हात लावत नसे.

मी समासात सुवाच्य इंग्रजीत लिहिले, 'नववे कलम मान्य नाही. सर्व कायदेशीर हक्क राखून सही करीत आहे.' चारही अर्जांवर लिहिले. रांग खोळंबली, जावई आभाळाकडे पाहू लागले. त्या मुलीने माझ्या हरकतीवरून नजर फिरवली, गोड हसली आणि समासाचा मजकूर न वाचताच पुढे सरकली. अर्ज फेटाळला गेला तर अपील करता येते. हसून सोडून दिला तर काय करावे, हे कुठल्याही संहितेत नाही.

सहाव्या रकान्यापाशी मात्र ती थबकली. 'पोहता येते काय?' मुलगी, होय. जावई, होय. मी स्वतः, होय. पत्नीच्या अर्जावर मी 'नाही' लिहिले होते.

"ह्यांना बसता येणार नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "न पोहणाऱ्यांना आम्ही नेत नाही."

पत्नीला इंग्रजी फारसे येत नाही, पण नकार कळायला भाषा लागत नाही. तिने आमच्या मुलीला विचारले, "काय म्हणती?"

"आई, बाबांनी लिहिलंय तुला पोहता येत नाही."

ती माझ्याकडे वळली. "कुणी सांगितलं तुमाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? चव्वेचाळीस वर्षं पाहतोय. आपल्या घरामागून पाट वाहतो. त्यात कधी गुडघ्याच्या पुढे गेलीस?"

"दसऱ्याआधी गोधड्या धुवायला पाटावर जायचो, तवा सासूबाई काठावर बसून असायच्या. कशाला, सांगा?"

"सावलीला."

"राखणीला! लग्नाच्या पहिल्या वर्षी मी पाट पोहून पल्याड गेल्ते. परत आले तर सासूबाईंनी गळ्याची शपथ घातली. म्हणल्या, पुन्यांदा उतरू नको, आन त्याला कळू देऊ नको. तो पाटबंधारे खात्याला अर्ज करंल."

जावयांना खोकल्याची उबळ आली. मी ती नोंद घेतली.

आईने माझ्याविषयी असे बोलावे याचे मला वाईट वाटले. आणि मी खरोखरच अर्ज केला असता, हे त्याहून वाईट. परंतु सही झालेल्या निवेदनात तोंडी सांगण्यावरून बदल करणे मला शक्य नव्हते, आणि तसे मी स्पष्ट बोललो. पुरावा हवा. ती नाक सोललेली मुलगी या एका मुद्द्यावर माझ्याशी सहमत झाली. काठापासून थोड्या अंतरावर, संथ पाण्यात एक लाकडी खांब होता. तिथवर जाऊन परत यायचे, मग बघू.

पत्नीला काळा रबरी पोशाख चढवण्यात आला. त्या पोशाखाविषयी मी काही लिहिणार नाही. ती पाण्यात उतरली, थंडीने एकदा 'आई गं' म्हणाली आणि निघाली. मान ताठ वर, हात कुऱ्हाड मारल्यासारखे, पाय धबाधबा. पाहायला अजिबात सुंदर नव्हते. खांबाला तिने शिवले नाही, थोपटले, बैलाला थोपटावे तसे. मग पालथीची उताणी झाली आणि आभाळाकडे तोंड करून, घाई न करता परत आली. काठावरच्या बिनवाचक प्रजेने टाळ्या वाजवल्या.

मी अर्जावरचा 'नाही' एका रेघेने खोडला, वर 'होय' लिहिले आणि दुरुस्तीवर सही केली.

"छान," ती मुलगी म्हणाली. "आता तुम्ही."

"मी?"

"वय साठच्या वर आहे ना? मग तुमचंही बघायला हवं."

मी दहाव्या वर्षी मळ्यातल्या विहिरीत, कमरेला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो. एकदा प्राप्त झालेली विद्या मुदतबाह्य होते, असे मला कुणी कळवलेले नव्हते. मीही तसलाच रबरी पोशाख चढवून उतरलो. पाणी मांडीपर्यंत आले, मग कमरेपर्यंत. तिथे माझ्या लक्षात आले की विहिरीनंतर मी पाण्यात उतरलेलोच नाही, आणि त्या विहिरीतही डबा कधी सोडलेला नव्हता.

"या की," पत्नी काठावरून म्हणाली. "खांब पळून न्हाई जायचा."

मी वळून बाहेर आलो. त्या दिवशी चार अर्जांतली दोन निवेदने असत्य होती आणि दोन्ही माझ्या हस्ताक्षरात होती. दुसरीही दुरुस्त करून मी सही केली. ते तिघे होडीत बसले. ती सर्वांत पुढे. मला कंपनीच्या गाडीतून, कोरड्या कपड्यांच्या पिशव्यांबरोबर, खालच्या धक्क्यावर पाठवण्यात आले. मी सामान होतो.

तासाभराने होडी दिसली. धक्का अजून बराच दूर असताना पत्नीने होडीच्या कडेवरून पाण्यात उडी घेतली. अकराव्या कलमाचा तो उघड भंग होता. पोहत काठाला लागली. ओठ निळे पडले होते, केस गालाला चिकटले होते, आणि ती विनाकारण हसत होती.

"उद्या परत यायचं," ती दात वाजवत म्हणाली. "आन उद्याचे फॉर्म मी भरणार."

"तुला ती कलमं कळायची आहेत का?"

"पोरगी वाचून दाखवंल. तुमचाबी मीच भरते. पोहता येतं काय? न्हाई. गप बसता येतं काय? न्हाई."

दोन्ही उत्तरे वस्तुस्थितीस धरून होती. सबब मी हरकत नोंदवली नाही आणि टॉवेल तिच्यापुढे धरला.