उद्या सकाळी सात वाजता सडा

मे महिन्यातल्या त्या खेळवर्गाचं खूळ माझंच. कुणी सुचवलं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं. वाडीतल्या बायका आंब्याच्या पॅकिंगला जायच्या आणि तीन ते पाच वर्षांची पोरं दिवसभर आज्यांच्या पदराला, नाहीतर मोबाइलला चिकटलेली असायची. मला ते बघवेना. पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत असताना मी काही वर्षं बालवाडी चालवली होती. तिथं सगळेच बाहेरगावचे, त्यामुळे कुणीच कुणाला परकं वाटत नसे. मग नवऱ्याची बदली रत्नागिरीत झाली, आम्ही त्याच्या वाडीत राहायला आलो, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी सोलापूरकडची आहे. मी काही बोलले की समोरचं माणूस आधी जरा थांबायचं आणि मग उत्तर द्यायचं. दोन वर्षं झाली तरी ते थांबणं काही जाईना. पोरं माझ्याकडे यायला लागली की त्यांच्यामागून त्यांच्या घरचेही येतील, असा माझा सरळ हिशोब होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी पडवीच्या भिंतीवर वेळापत्रकाचा तक्तासुद्धा लावला. सोमवार माती, मंगळवार पाणी, बुधवार पानं.

सोमवारी आठ पोरं आली आणि त्यांच्याबरोबर पाच आज्या. मातीचे लाडू झाले, करवंट्यांत भात रांधून झाला. मग पोरांनी माझा तक्ता धाब्यावर बसवला आणि सुपारीच्या झाडाची गळून पडलेली विरी, म्हणजे अख्खी झावळी, कुठूनशी ओढत आणली. तिच्या रुंद देठावर एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं शेंडा धरून अंगणभर फरफटवायचं. त्यात एकीचा गुडघा खरचटला. ती रडली, उठली आणि परत बसली. आज्या मात्र पायरीवर बसून सगळा वेळ कुजबुजत होत्या. मी बघितलं की गप्प. मान वळवली की पुन्हा सुरू. त्यांच्यात एक चष्मेवाली आजी होती, वाडीत जे काही छापून येईल ते वाचणारी. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "खेळायचं पन टायमटेबल?" बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, पण मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा खेळ. माहेरी आई पहाटे अंगणात सडा टाकायची, तेव्हा माझ्या हातात एक चिमुकला तांब्या द्यायची. तिच्यामागून मी शिंपत जायची. बहुतेक माझ्या आयुष्यातला तो पहिला खेळ. तोच पोरांना द्यायचा, शेणाचा नाही, साध्या पाण्याचा, असं ठरवून मी संध्याकाळी खेळवर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं: "उद्या सकाळी सात वाजता सडा. प्रत्येकानं तांब्याभर पाणी आणावं. टोपी विसरू नये." पाणी घरून आणायला सांगितलं, कारण आमच्या विहिरीनं तळ गाठला होता. सगळ्यांनी भराभर अंगठे पाठवले.

मंगळवारी सात वाजले. अंगण झाडून तयार. कुणी नाही. साडेसात झाले तरी कुणी नाही. मी फाटकाबाहेर जाऊन आले. वाडी अशी चिडीचूप, की आपलाच वार चुकला की काय असं वाटून मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. वार बरोबर होता. एक पोर आलं नाही तर समजू शकतं, आठच्या आठ कशी येत नाहीत? गुडघा खरचटला म्हणून? तक्त्यामुळे? मग आठवलं, काल एका पोरीला मी म्हटलं होतं, "बालदी नाही गं, बादली म्हण." ती बिचारी म्हणालीही होती. झालं! भाषा सुधारायला आलीय मोठी, असं घरोघरी बोलणं झालं असणार. मग वाटलं, एवढ्यावरून कोण पोरं घरी ठेवतं? मग वाटलं, पण अंगठे का पाठवले मग? काहीच कळेना, आणि कळेना तसा राग चढत गेला. घरी सासूबाई असत्या तर त्यांना विचारलं असतं, पण त्या सकाळी लवकरच मासळी आणायला मिरकरवाड्याला गेल्या होत्या. मी पायरीवर बसले आणि चक्क रडले. बाई माणसानं पंचेचाळिसाव्या वर्षी आठ पोरं खेळायला आली नाहीत म्हणून रडावं, हे मलाच लाजिरवाणं वाटलं. म्हणून डोळे पुसले आणि फोन घेतला. "ज्यांना मुलं पाठवायची नसतील त्यांनी तोंडावर सांगावं. पाठीमागे बोलू नये." पाठवून दिलं आणि तक्ता काढून गुंडाळून ठेवला.

साडेआठच्या सुमारास सासूबाई रिक्षातून उतरल्या. हातात मासळीची पिशवी. मला बघून जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"अगो, तू हितं काय करतेस? पोरं तकडं सड्यावर बसलीत."

"सड्यावर? कशाला?"

"कशाला म्हंजे? सकाळी जाताना बघितलं ना मी, सगळ्या म्हाताऱ्या पोरांना घेऊन पाखाडी चढत होत्या. बाईंनी बोलावलंनी म्हनाल्या. मला वाटलं तू फुडं गेलीस. आता येताना बघितलं तर अजून बसलीत तशीच उन्हात."

सडा. इकडे सडा म्हणजे वाडीच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. मला हे माहीत नव्हतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. दोन वर्षं रोज खिडकीतून तो सडा बघत होते. पण लिहिताना बोटांतून माहेरचा शब्द आला आणि मला पत्ताही लागला नाही. वर पाणी आणा, टोपी घाला, हेही मीच लिहिलेलं. करायला गेले गणपती, झाला मारुती.

मी चप्पल अडकवून धावत सुटले. पाखाडीच्या पायऱ्या अर्ध्या चढल्यावर दुसरा मेसेज आठवला आणि मी तिथंच थांबले. वाडीत रेंज येते-जाते. सड्यावर मात्र ती कधीच जात नाही. परत फिरावं, की वर जावं? मी खरोखर दोन पायऱ्या उतरले आणि पुन्हा चढले.

वर एका काजूच्या झाडाच्या सावलीत पाचही आज्या बसल्या होत्या. पोरांनी तांबे केव्हाच जांभ्यावर रिकामे केले होते आणि ओला डाग कुठं आधी वाळतो यावरून त्यांची भांडणं चालली होती. चष्मेवालीच्या मांडीवर फोन होता.

"आलात? बसा जरा. दमलात," ती म्हणाली.

मेसेजचं कुणी नाव काढलं नाही. मी धापा टाकत सगळं सांगितलं: माहेर, अंगण, तांब्या, शिंपणं. त्या ऐकत राहिल्या. मग एक म्हणाली, "म्हंजे अंगनातला सडा? मग आमी गुडघे मोडत वर कशाला आलो?" आणि पाचही जणी अशा हसल्या की पोरं भांडण सोडून बघायला लागली.

"पण तुम्ही विचारलं का नाही, या उन्हात सड्यावर कशाला म्हणून?"

"इचारायचं काय त्यात? बाईंनी सांगितलंनी, म्हंजे काय तरी असंल."

दोन वर्षं मी समजत होते, माझं इथं कुणी ऐकत नाही. आणि या बायका माझ्या एका ओळीवर, काही न समजता, दीड तास उन्हात बसून राहिल्या होत्या. आनंद व्हायला हवा होता. मला नुसती लाज वाटत होती.

उतरताना चष्मेवालीनं एका हातानं नात धरली आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर टाकला. तिचे गुडघे खरंच दुखत होते. मी कशीबशी सुरुवात केली, "आजी, तो मेसेज..."

"वाचला. मोठ्यानं वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा."

"माझं चुकलं."

"चुकलं कसं? तोंडावर सांगा म्हनालीस ना? मग तोंडावर सांगते." ती पायरीवर थांबली, म्हणून मीही थांबले. "बोलतो आमी पाठीमागं. काल बोललो, आज तू यायच्या आधी पन बोललो, उद्या पन बोलनार. अगो, घरच्या मानसाबद्दल नाय बोलायचं, तर काय परक्याबद्दल बोलायचं?"