पाच भावंडं, चार नावं

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा माझ्या पिशवीत दोन सुती साड्या, पाण्याची बाटली आणि छापील प्रश्नांच्या तक्त्यांचा गठ्ठा होता. न बोलणारी, नजरेला नजर न देणारी, आपल्यातच गुंग असलेली मुलं खेड्यांत किती आहेत आणि ती एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा जन्मतात का, हे मला शोधायचं होतं. इंग्रजी पुस्तकांत या अवस्थेला ऑटिझम म्हणत. मराठीत तिला तेव्हा नाव नव्हतं. कारण मात्र बऱ्याच पुस्तकांनी ठरवून टाकलं होतं: आईची माया कमी पडली.

केडगाव मागे पडलं, नगर आलं. स्टँडवर चहा घेऊन नेवाशाची गाडी धरली. साल दुष्काळाचं, त्र्याहत्तरचं. घोडेगावच्या पुढे इंजिन तापलं. कंडक्टरने पाणी मागितलं, तसं उतारूंनी आपापल्या तांब्यातलं थोडं थोडं ओतलं. माझी बाटलीही त्यातच रिकामी झाली. कुणी कुरकुर केली नाही. बाहेर नुसती ढेकळं, आणि मध्येच एखादी हिरवी बाभूळ.

नेवाशाला आरोग्यकेंद्रातल्या नर्स शेवंताबाई छत्री घेऊन उभ्या होत्या. प्रवरेच्या कोरड्या वाळूतून चालत आम्ही त्यांच्या कामाच्या गावांपैकी एका गावी पोचलो, तर घरोघर कुलपं.

"गाव कुठं गेलं?" मी विचारलं.

"खडीवर," शेवंताबाई म्हणाल्या. "पोटासाठी समदे तिथंच."

खडी म्हणजे सरकारी दुष्काळी काम. उघड्या माळावर शेकडो माणसं दगड फोडत होती. त्यांत एक तिशीतली बाई दिसली. तिच्या कमरेला लुगड्याची पट्टी होती आणि पट्टीचं दुसरं टोक सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कमरेला. मुलगी दोन्ही कानांवर हात दाबून एकसुरी गुणगुणत होती.

मी थबकले. मूल बांधून ठेवणारी आई! माझ्या तक्त्यात अशाच आईसाठी एक प्रश्न होता: 'आई मुलाला जवळ घेते का?' मनातल्या मनात मी 'नाही' लिहूनही टाकलं.

बाईचं नाव हौसा, मुलीचं अलका. हौसाने हातोडी ठेवली. "हिरीकडं पळती, बाई. दोनदा काढली पान्यातून. दुसऱ्या बारीला मीच उडी टाकली, मला पव्हता येत नव्हतं तरी." तिने पोरीच्या कानांवर आपलेही हात ठेवले. दगडांचा आवाज अलकाला सोसत नव्हता.

मघाचं उत्तर मी मनातून पुसून टाकलं.

दुपारी काम थांबलं. सुकडी (कामावर वाटायचा गोडसर कोरडा खाऊ) आली. अलकाने वास घेऊन ती ढकलून दिली. ती फक्त ज्वारीची भाकरी खायची, तीही कडेची. हौसाने पदरातून भाकरीच्या कडा काढल्या. म्हणजे आज घरात सगळ्यांनी मधला मऊ भागच खाल्ला होता.

"नगरच्या मोठ्या डाक्टरनं सांगितलं, तू पोरीला माया लावली न्हाईस," ती खाली बघत म्हणाली. "सासूबाई म्हनत्यात, तुझ्याच रक्तात खोट हाय. अक्षय्य तृतीयेला मालकांचं दुसरं लगीन करायचं ठरतंय. मला म्हायेरी धाडनार."

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. ओट्यावर तिचे सासरे, म्हणजे तात्या, बसले होते. उंबऱ्यात सासूबाई. मी दोन्ही घराण्यांची वंशावळ मांडायला घेतली. हौसाच्या माहेरी तसं कुणी नव्हतं. मग तात्यांना विचारलं.

"तुम्ही भावंडं किती?"

"आमी पाच." त्यांनी नावं सांगितली. मी लिहून घेतली आणि मोजली.

"तात्या, नावं चारच झाली."

"त्यांचं वय झालंय, इसरत्यात," सासूबाई घाईने म्हणाल्या.

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "इसरलो न्हाई. सखाराम हुता माझ्या पाठीवरचा. कधी बोलला न्हाई. भांडं वाजलं तरी कान झाकायचा. आय त्याला कमरंला बांधून खुरपायला न्यायची. सोळाव्या वर्षी तापानं गेला. पोरांची लग्नं मोडतील म्हनून त्याचं नाव घ्यायचंच टाकलं आमी."

"तुमच्या आयनं त्याला माया लावली नव्हती व्हय?" शेवंताबाईंनी हळूच विचारलं.

म्हातारा रडू लागला. "तिच्यावानी माया कुनी केली न्हाई. तिनं मरताना त्याचंच नाव घेतलं."

आत चुलीपुढे हौसा हात थांबवून ऐकत होती. तात्यांनी डोळे पुसले आणि बायकोकडे पाहिलं. "लगीन-बिगीन काय न्हाई. सून कुठं जानार न्हाई." थोड्या वेळाने सासूबाई उठल्या आणि अलकाची वाकळ स्वतः अंथरली.

सकाळी निघताना हौसा वेशीपर्यंत आली. "बाई, खरं सांगा. माझं काय चुकलं न्हाई ना?"

एका घराण्यातल्या दोन माणसांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. अभ्यास अजून सुरूही झाला नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "काहीही चुकलं नाही."

परतीच्या गाडीत मी प्रत्येक तक्त्यावरचा आईच्या मायेचा तो प्रश्न पेनने खोडत गेले. पुण्यात वरिष्ठ रागावले, आणि त्यांच्या नियमाने ते बरोबरच होते. पुढे कितीतरी वर्षं मी गावं हिंडले, वंशावळी मांडल्या, पुराव्याशिवाय एक ओळ लिहिली नाही. वेशीवरचं ते एकच उत्तर मी पुराव्याआधी दिलं. पुरावा यायला फार वर्षं लागली, आणि हौसाला तेवढं थांबायला सांगणं मला जमलं नसतं.