शेजाऱ्यानं काय उचललं?

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतले कारखाने नवं काय करतात, याची सरकारी पाहणी ऐंशीच्या दशकात माझ्याकडे आली. त्यावरूनच इथे धातू तपासायची प्रयोगशाळा द्यायची की नाही, हे ठरणार होतं. पण शेजारी नक्कल करील या धास्तीनं प्रत्येक फाउंड्रीमालक सांगे, "नवं काय बी न्हाय, आक्का." माझ्या कागदावर नुसती शून्यं.

इंग्रजी शाळेत शिकलेली मी, त्यांच्याशी बोलायला बुजायची. शेवटी एका मालकांना हळूच विचारलं, "आप्पा, शेजाऱ्यानं तुमचं काय उचललं?"

"काय न्हाय उचललं ते इचारा! साचा उचलला, भट्टीचं झाकण उचललं!" ते मला ओढतच भट्टीकडे घेऊन गेले.

मग शेजारच्या फाउंड्रीत विचारलं, तर तिथले मालक म्हणाले, "झाकण? ते माझंच की!"

दोघांनी आपलं म्हटलेलं झाकण मी नव्या गोष्टींत एकदाच मोजलं. मग सगळ्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारत फिरले, शून्यांच्या जागी आकडे आले, आणि प्रयोगशाळा उद्यमबागेतच आली.