एकच पत्र तीनदा

दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका प्रकाशकाने माझी कादंबरी नाकारली. चार ओळींची ईमेल आली होती. लेखन प्रामाणिक आहे, पण पसरट आहे, एवढाच मथितार्थ. त्याआधी आणखी एका ठिकाणाहून असाच नकार आला होता. आम्ही तेव्हा ओमानमध्ये, सोहारला राहत होतो. नवरा ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगी इंडियन स्कूलमध्ये चौथीत. सकाळी दोघं बाहेर पडली की मी लिहायला बसायचे, अशी पाच वर्षं गेली होती. त्या दिवशी लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "खलास. आता मी शिकवण्या घेईन."

तो फक्त "बरं" म्हणाला. त्याने थोडा वाद घातला असता तर मला आवडलं असतं.

जवळच्या सहम गावात आमच्या ओळखीचे एक दुकानदार होते, मासेमारीचे दोर आणि जाळी विकणारे. ते रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या पलीकडच्या गावचे मुसलमान आणि माझं माहेर त्याच खाडीच्या अलीकडचं, त्यामुळे ते मला गाववालीच मानत. जानेवारीत त्यांचा फोन आला.

"भाभी, एक काम होतं. अम्मी आलीय तीन महिन्यांसाठी. येताना तिच्या आईची जुनी पत्रं घेऊन आलीय. मराठीत आहेत. मी उर्दू शाळेतला, मला ते अक्षर लागत नाही, आणि तिची नजर आता चालत नाही. वाचून दाखवाल?"

शुक्रवारी मी गाडी काढून गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत चटईवर त्यांच्या अम्मी बसल्या होत्या; मी त्यांना चाची म्हणू लागले. बारीक अंगाच्या, सत्तरीच्या पुढच्या. पत्रं त्यांनी उशीच्या अभ्र्यात ठेवली होती. माझा हात हातात घेऊन त्यांनी आधी माझ्या माहेरच्या वाडीतल्या चार घरांची चौकशी केली आणि मग अभ्रा माझ्या मांडीवर ठेवला.

त्यांचे वडील बोटीवर खलाशी होते. वर्षदोन वर्षांनी घरी यायचे आणि आईची आलेली पत्रं जपून परत आणायचे. आई शाळेत कधी गेली नव्हती. तिचा धाकटा भाऊ पाटीवर अक्षरं गिरवायचा, त्याच्या शेजारी बसून ती शिकली. लग्नानंतर सासूला बाईमाणसानं लिहिणं पटेना. तेव्हा ती वाळूवर सुकत घातलेली मासळी राखायला जायची, कावळे-कुत्री हाकलायची आणि मध्ये मध्ये गुडघ्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं लिहायची. हळूहळू ज्यांचे नवरे बोटीवर होते अशा दुसऱ्या बायाही तिथे येऊन बसू लागल्या. त्या सांगायच्या आणि ही लिहायची.

"सासूला कळलं नाही?" मी विचारलं.

"कळला ना. दोनदा कागद चुलीत घातलान. मायनं तिसऱ्यांदा लिवला." चाची हे अगदी सहज बोलल्या.

मी पहिलं पत्र वाचायला घेतलं. बोलीतलं, कुठे स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. सवयीनं मी वाचता वाचता ते शुद्ध करत गेले. तिसऱ्या ओळीला चाचींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माजी माय असं नाय बोलायची. लिवलंय तसंच वाच गो बाय."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तसंच. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

असे सहा शुक्रवार गेले. चौथ्या की पाचव्या शुक्रवारी तीन पत्रं एकत्र दोऱ्यानं बांधलेली निघाली. चाचींचा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा असताना गेला होता, ती बातमी त्यांत होती.

पहिलं पत्र चार पानांचं. ताप कधी भरला, ओहोटी असल्यामुळे होडी कशी मिळाली नाही, पलीकडचा डॉक्टर का आला नाही, कोण भेटायला आलं, कोण आलं नाही. जागोजागी कागद पेन्सिलीच्या टोकानं फाटलेला. त्या पत्राला उत्तर आलं नाही. वडील मधल्या काळात दुसऱ्या बोटीवर गेले होते, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांनी तिनं पुन्हा लिहिलं. हे पत्र दोन पानांचं, त्यात डॉक्टर नव्हता, न आलेले नातेवाईक नव्हते. त्यालाही उत्तर नाही. मग तिसरं, पाच ओळींचं.

मी ते वाचलं. आपला धाकटा गेला. ताप होता. मी जवळ होती. तो हसला की तुमच्यावानी दिसायचा. तुमी येळेवर जेवत जा.

बाहेर गिऱ्हाइकाला दोर मोजून देणारे चाचींचे चिरंजीव थांबले. पुढे काही नव्हतं.

"तिन्ही पत्रं बापाला एकाच बंदरात मिळाली," चाची म्हणाल्या. "वरचा लिफाफा सगळ्यात पातळ होता, तो आधी फोडला. मग बाकीचे दोन आठ दिवस उघडवले नाहीत त्याच्यान."

"उत्तर आलं नाही याचा तुमच्या आईला राग नाही आला?"

"राग कुणावर करायचा? पोराच्या बापाला कळाया नको? पोचला नाय तर परत लिवायचा."

घरी परतताना मी रस्त्याच्या कडेला, टोमॅटोच्या एका शेताशी गाडी थांबवून बराच वेळ बसले. ती बाई स्वतःला लेखिका म्हणाली नसती. पण चारांची दोन पानं आणि दोनांच्या पाच ओळी करताना तिनं काय काय सोडून दिलं असेल, ते मला कळत होतं. आणि हेही कळलं, की मी प्रकाशकाच्या उत्तरासाठी लिहीत होते. माझ्या कादंबरीतल्या खाडीकाठच्या तीन जावांचं काय झालं ते कुणाला तरी कळायला हवं, हे मी विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप बाहेर काढला. जुनी फाइल दुरुस्त करत बसले नाही. पहिल्या वाक्यापासून नवीन लिहायला घेतलं.

मार्चमध्ये चाची गावी गेल्या. त्यानंतर प्रकरण पुरं झालं की मी फोनवर त्यांना वाचून दाखवायचे. त्या अधूनमधून अडवायच्या. "भरतीच्या वेळेला कोण जातो कालवं काढायला?" मी निमूट बदलायचे. माझी मुलगी शेजारी गृहपाठ करता करता ऐकायची. तिचं मराठी अडखळतं, पण एकदा मीच एक ओळ गाळली तेव्हा तिनं लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून मला टोकलं.

आणखी दोन वर्षं गेली. पुन्हा एक नकार आला. त्या संध्याकाळी मी रडले, आणि आठवड्याभरानं कादंबरी दुसरीकडे पाठवली. तिथे ती घेतली.

पुस्तक छापून आलं तेव्हा चाचींना फोन केला. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. त्यांच्या मनात दुसरंच होतं.

"तुजी ती मधली जाव. तिनं माहेरी जायला नको होता."

"का हो चाची?"

"सांगते," त्या म्हणाल्या, आणि पुढची वीस मिनिटं त्या मला तिच्या बाजूनं आणि तिच्या विरुद्ध सांगत राहिल्या, शेजारच्या घरातल्या बाईबद्दल बोलावं तसं. मी गॅस बारीक केला आणि ऐकत राहिले.