कौसाआत्याचा अंगठा

मी वाईट वागले ती कौसाआत्याशी, माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीशी — दुष्काळाच्या उन्हाळ्यात, क्रांती चौकातल्या मोर्चाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. आजवर कुणाला सांगितलं नाही. पाण्याच्या चळवळीतल्या पोरांना तर नाहीच.

पडेगावात तेव्हा नव्या इमारती उठत होत्या, त्यांच्या टाक्या भरत होत्या. आमची वस्ती पाइपलाइनच्या पार टोकाला, म्हणून टँकरवर. मी पत्रकं लिहायचे. आत्या ती घरोघर वाटायची आणि मला चिडवायची, "पुढारीणबाई, एवढं मोठ्ठं लिवतीस, एक हंडा तरी उचल की!"

त्या दुपारी रांगेत तिची चप्पल निसटली. ती अनवाणीच तापल्या डांबरावर उभी! मी ओरडले, तर खाली बघून हसली, "व्हय की! पाय लई दिसांपासून बधिर झालेत गं. काय कळतच नाय."

बधिर — आणि मला काय सुचलं? मथळा. 'बधिर प्रशासन!'

घरी येईस्तोवर तळव्याला टपोरे फोड. मी आधी पत्रकासाठी फोटो काढला — हो, आधी फोटो — मग दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, "आधीपासून मुंग्या, बधिरपणा?" आत्यानं तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "नाही. पाण्याच्या रांगेत भाजलं." का? भाजलेला पाय हा सरकारचा गुन्हा. तिच्या जुन्या शुगरनं बधिर झालेला पाय — घरचं दुखणं. त्यावर मोर्चा निघतो का?

जखम चिघळली. अंगठा काढावा लागला. तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं — अंगठ्याचा चटका वर कळवणारी प्रत्येक चेतापेशी अखंड असते, तिची तार कमरेपासून थेट अंगठ्यापर्यंत. साखर वाढत राहिली की सगळ्यात लांब तारा आधी मरतात. टोकाला आधी बंद! पाण्याबद्दल हेच मी माइकवर ओरडत होते. पायाबद्दल मला कळलं नव्हतं? छे. तिनं तोंडानं सांगितलं होतं.

आत्यानं मला कधी उघडं पाडलं नाही. उलट लंगडत गल्लीभर सांगते, "माझा पाय छापून आला हुता!"

सबब नाही. माफीही मागत नाही. तुम्ही मात्र एक करा. घरात कुणाला शुगर असेल तर आजच त्यांचे तळवे हातात घ्या. डोळे मिटायला सांगा, एकेका बोटाला हात लावून विचारा — कळतंय का? आणि डॉक्टरांसमोर त्यांना बोलू द्या. तुम्ही गप्प बसा.